पहिल्या दिवशी बघा, दुसऱ्या दिवशी घ्या: अवाढव्य मॉलमधल्या शनिवार-रविवारची आखणी

आधी एक साधा हिशोब करू. दुबई मॉलमध्ये बाराशेच्या वर दुकानं आहेत. प्रत्येक दुकानाला फक्त पाच मिनिटं दिली तरी शंभर तास होतात, म्हणजे न झोपता, न थांबता चार दिवस. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मॉल ऑफ अमेरिका आहे, तिथे पाचशेच्या वर दुकानं. याच दराने तिथे चाळीस तास पुरत नाहीत. शनिवार-रविवार मिळून बहुतेक मॉल उघडा असतो तो वीस-बावीस तास, आणि त्यातले तुमचे पाय आणि डोकं दोन्ही जागेवर असतील असे तास फार तर बारा. तेव्हा ‘सगळा मॉल पालथा घालू’ हा बेत कागदावरच फसलेला असतो.

अशा सहलीत पैशांच्या आधी पाय संपतात आणि पायांच्याही आधी डोकं. पाच-सहा तास निवड करून थकलेला माणूस संध्याकाळी सातला जे उचलतो, ते त्याने सकाळी अकराला हातातही धरलं नसतं. म्हणून माझा आग्रह एवढाच असतो की दोन दिवस असतील तर पहिला दिवस बघण्याचा आणि खेळण्याचा ठेवावा, आणि खरेदी दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या डोक्याने करावी. पुढची सगळी आखणी याच सूत्राभोवती आहे. त्याला एक मोठा अपवाद आहे, तोही पुढे येईलच.

हे सगळं लिहितोय ते मुक्काम करून जावं लागेल अशा प्रचंड मॉलसाठी, जिथे दुकानांच्या जोडीला राइड्स, मत्स्यालय, बर्फाचं मैदान किंवा वॉटर पार्क असतो. घराजवळच्या मॉलला महिन्याचं सामान आणायला जाताना एवढा खटाटोप कुणी करू नये.

मॉल निवडताना

‘जगातला सर्वांत मोठा’ या बिरुदाला भुलू नका. हा मोठेपणा कुणी एकूण बांधकामावर मोजतं, कुणी दुकानांना भाड्याने देता येणाऱ्या जागेवर, आणि दोन्ही आकड्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. शिवाय जागा असली म्हणजे दुकानं असतातच असं नाही. चीनमधल्या डोंगगुआन शहरात २००५ साली न्यू साउथ चायना मॉल उघडला. भाड्याने देण्याच्या जागेच्या हिशोबात तो जगात अव्वल होता, आणि पुढची कित्येक वर्षं तो जवळजवळ रिकामाच पडून होता.

आकड्यापेक्षा यादी बघावी. प्रत्येक मोठ्या मॉलच्या संकेतस्थळावर दुकानांची वर्णानुक्रमे यादी असते. ती वरपासून खालपर्यंत एकदा निवांत वाचा आणि तुमच्या शहरात जी दुकानं मिळत नाहीत त्यांवरच खूण करा. खुणा दहाच्या आत आल्या तर स्वतःशी प्रामाणिक राहा: तुमच्यासाठी हा मॉल खरेदीचा नाही, करमणुकीचा आहे. मग तिकिटांवर जास्त खर्च धरा आणि रिकामी बॅग न्यायच्या फंदात पडू नका. साखळी दुकानं जगभर तीच असतात. परगावी जाऊन घरासमोर मिळणारा शर्ट घेऊन येणारे लोक काही कमी नाहीत.

करमणुकीचं मात्र नीट तपासून घ्यावं. कॅनडातला वेस्ट एडमंटन मॉल १९८१ साली सुरू झाला. तिथे लाटांचा तलाव असलेला वॉटर पार्क, बंदिस्त करमणूक पार्क आणि बर्फाची रिंक हे सगळं एका छताखाली आहे, पण तिकिटं वेगवेगळी असतात, आणि एकत्र पास घेणं परवडतं की सुटी तिकिटं, हे घरी बसूनच ठरवता येतं. दुबई मॉलच्या मत्स्यालयाची मुख्य टाकी एक कोटी लिटरची आहे. तिची दर्शनी भिंत मॉलच्या मोकळ्या जागेतूनच दिसते, त्याला तिकीट लागत नाही. आतल्या बोगद्यातून जायचं असेल तरच लागतं. आधी फुकटचं बघा, समाधान झालं नाही तर तिकीट काढा. दुबईतच मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये २००५ पासून बंदिस्त बर्फाचा उतार आहे आणि आतलं तापमान शून्याखाली असतं. अशा ठिकाणी कोट-पँट तिकिटात धरलेले असतात, पण हातमोजे-टोपीचं काय, ते आधी वाचून घ्यावं. वाळवंटाच्या सहलीला लोकरी मोजे न्यायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

एखादा भाग डागडुजीसाठी बंद आहे का, हेही जाण्याच्या आठवड्यात पाहा. मोठ्या मॉलमध्ये कायम कुठे ना कुठे पत्रे लावलेले असतात. ज्या राइडसाठी मुलांना नेताय तीच पत्र्यांमागे असली, तर बाकीचा मॉल कितीही झगमगीत असला तरी उपयोग नाही.

रविवार खरंच उघडा आहे का?

ही पायरी सगळे गाळतात, आणि दोन दिवसांची सहल सर्वांत जास्त वेळा इथेच मोडते. आपण गृहीत धरतो की सुट्टीचा दिवस म्हणजे मॉलचा दिवस. सगळीकडे तसं नसतं.

जर्मनीत रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राज्यघटनेनेच राखून ठेवला आहे. वर्षातले मोजके, आधी जाहीर झालेले रविवार सोडले तर मोठ्या मॉलमधली दुकानं बंद असतात. उपाहारगृहं आणि चित्रपटगृहं चालू असतात, त्यामुळे इमारत उघडी दिसते आणि माणूस फसतो. पोलंडमध्येही २०१८ पासून टप्प्याटप्प्याने बहुतेक रविवारी दुकानं बंद ठेवण्याचा कायदा आला. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ च्या कायद्यानुसार २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाला रविवारी सलग सहाच तास विक्री करता येते, तीही सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान. म्हणजे बारा वाजता उघडलेलं मोठं दुकान सहाला बंद. काही दुकानं विक्री सुरू व्हायच्या अर्धा तास आधी दारं उघडतात. आत फिरा, कपडे बघा, पण पैसे बारालाच घेणार. ही अर्ध्या तासाची सवलत माहीत असली तर रांगेत पहिलं उभं राहता येतं.

अमेरिकेत तर एकाच देशात जिल्ह्याजिल्ह्याला नियम बदलतो. न्यू जर्सीतला अमेरिकन ड्रीम हा मॉल २०१९ साली उघडला, तो बर्गन काउंटीत येतो. तिथे रविवारी कपडे, फर्निचर वगैरे विकायला बंदी घालणारा जुना कायदा आजही आहे. पार्क आणि वॉटर पार्क चालू, कपड्यांच्या खरेदीवर मात्र निर्बंध, अशी तऱ्हा. त्यावरून तिथे वादही झाले आहेत, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात ताजी स्थिती बघितलेली बरी.

आठवड्याची सुट्टीही सगळीकडे शनिवार-रविवारच असते असं नाही. सौदी अरेबियात ती शुक्रवार-शनिवार असते. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवार अर्धा दिवस. रमजानमध्ये दिवसाच्या वेळा आखडतात आणि रात्रीच्या वाढतात.

तर पहिली कृती ही: मॉलच्या वेळा पाहा, मग तुम्हाला हव्या असलेल्या चार मुख्य दुकानांच्या वेळा स्वतंत्र पाहा, आणि करमणुकीच्या वेळा तिसऱ्यांदा पाहा. या तिन्ही वेळा क्वचितच जुळतात.

आणि इथेच तो अपवाद येतो. रविवारी दुकानं बंद किंवा आखूड असतील तर सूत्र उलटं करा. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचा, ती संध्याकाळ बघण्यात घालवा, खरेदी शनिवारी सकाळी उरका आणि रविवार राइड्स-मत्स्यालयासाठी ठेवा. ‘बघणं आणि घेणं यांच्यात एक झोप’ एवढं सांभाळलं की काम झालं.

मुक्काम कुठे करावा

मॉलला जोडूनच हॉटेल असेल तर ते बहुधा महाग असतं, आणि दोन दिवसांच्या सहलीसाठी तरीही ते परवडतं असं माझं मत आहे. कारण साधं आहे: दुपारी दोन वाजता पिशव्या खोलीवर टाकून, पाय वर करून तासभर पडता येतं. हा एक तास संध्याकाळचे तीन तास वाचवतो. लहान मूल किंवा वयस्कर माणूस सोबत असेल तर दुसरा विचारच करू नये.

ते झेपत नसेल तर मॉलच्या भोवती वसलेली, मोटारीशिवाय कुठेच जाता न येणारी हॉटेलं शोधू नका. त्यापेक्षा मॉलपर्यंत थेट जाणाऱ्या रेल्वे किंवा मेट्रोच्या मार्गावर दोन-तीन स्थानकं अलीकडे राहा. मॉल ऑफ अमेरिकाला विमानतळावरून थेट लाइट रेल जाते. पण ‘मेट्रोला जोडलेला मॉल’ म्हणजे किती जोडलेला, हेही नकाशावर मोजा. दुबई मॉलच्या स्थानकापासून मॉलपर्यंतचा वातानुकूलित पूलच सुमारे आठशे मीटरचा आहे. सरकते पट्टे आहेत, तरी येताना आणि जाताना तो धरावाच लागतो, आणि जाताना हातात पिशव्या असतात.

आणखी एक विचारून ठेवा: खोली सोडल्यावर रविवारी संध्याकाळपर्यंत सामान ठेवून घेतात का. बहुतेक हॉटेलं घेतात. नसतील घेत तर मॉलमधले लॉकर किती मोठे आहेत ते पाहा. लहान लॉकरमध्ये चाकांची मोठी बॅग जात नाही, हे सामान घेऊन लॉकरसमोर उभं राहिल्यावर कळून उपयोग नसतो.

नकाशा वाचायचा तो असा

मॉलमध्ये माणूस वाट चुकतो यात त्याचा दोष कमी आणि इमारतीचा जास्त असतो. पूर्ण बंदिस्त, वर्षभर एकसारख्या हवामानाचा पहिला मॉल म्हणजे मिनेसोटातल्या इडायना गावचा साउथडेल सेंटर. तो ८ ऑक्टोबर १९५६ रोजी उघडला. त्याचा वास्तुकार व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा, १९३८ मध्ये नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेत आलेला. त्याला उपनगरांना एक चौक द्यायचा होता, जिथे लोक भेटतील, बसतील. व्यापाऱ्यांनी त्यातलं नेमकं एवढंच उचललं की ऊन-पाऊस-घड्याळ नसलेल्या जागेत माणूस ज्या कामासाठी आला ते विसरतो आणि दिसेल ते घेत भटकत राहतो. या परिणामाला आज ग्रुएनचंच नाव आहे. गंमत म्हणजे उतारवयात त्यानेच या सगळ्या प्रकाराचं पालकत्व जाहीरपणे झटकून टाकलं होतं.

ही रचना एकदा कळली की नकाशा उलगडतो. मोठी, नावाजलेली दुकानं टोकांना ठेवलेली असतात, म्हणजे एकीकडून दुसरीकडे जाताना मधली सगळी छोटी दुकानं डोळ्यांखालून जावीत. एका मजल्यावर आणणारा आणि तिथून पुढच्या मजल्यावर नेणारा असे दोन सरकते जिने अनेकदा एकमेकांपासून लांब असतात, तुम्हाला वळसा पडावा म्हणून. लिफ्ट कोपऱ्यात असते. खाण्याची जागा बहुधा वरच्या मजल्यावर, म्हणजे भुकेने का होईना तुम्ही सगळे मजले चढावेत.

आता प्रत्यक्ष काम. नकाशा फोनमध्ये तर ठेवाच, पण कागदावर छापूनही घ्या. फोनची बॅटरी दुपारीच माना टाकते, आणि कागद चौघांना एकदम बघता येतो. खूण केलेल्या दुकानांपैकी जास्तीत जास्त बारा निवडा. ती नकाशावर गोल करा आणि जवळजवळच्यांचे तीन-चार गट पाडा. गटागटातून जाणारी अशी एक वाट आखा, की एकाच मजल्यावर पुन्हा यावं लागणार नाही. लिफ्ट, स्वच्छतागृहं आणि बसायच्या जागा वेगळ्या रंगाने दाखवा. शेवटची गोष्ट लोक विसरतात, पण सहाव्या तासाला बाकडं कुठे आहे ही माहिती कुठल्याही सवलतीपेक्षा मोलाची असते.

अंतराचा अंदाज हवा असेल तर मॉल ऑफ अमेरिकाचा आकडा घ्या: एका मजल्याची एक फेरी ०.५७ मैलांची, म्हणजे नऊशे मीटरच्या थोडी वर. तीन मजल्यांच्या तीन फेऱ्या मारल्या की पावणेतीन किलोमीटर झाले, आणि अजून एकाही दुकानात पाऊल ठेवलेलं नाही.

मजल्यांचे क्रमांकही फसवतात. ब्रिटिश पद्धतीत रस्त्याच्या पातळीवरचा मजला तळमजला आणि त्यावरचा पहिला. अमेरिकी पद्धतीत रस्त्याच्या पातळीवरचाच पहिला. ‘पहिल्या मजल्यावर भेटू’ असं ठरवून दोन माणसं तासभर एकमेकांच्या डोक्यावर आणि पायाखाली उभी राहू शकतात. भेटीची जागा दुकानाच्या नावाने ठरवा, आणि ज्याच्या चार शाखा त्याच मॉलमध्ये नाहीत असंच दुकान निवडा. उपग्रहावरून दिशा दाखवणारी सोय छताखाली डळमळते. गूगल मॅप्सने २०११ पासून मोठ्या इमारतींचे आतले नकाशे द्यायला सुरुवात केली, त्यात मजला निवडता येतो, पण बरोबर मजला निवडलेला आहे ना, हे स्वतः पाहून घ्या.

यादी

छोटं काम आहे, निघायच्या आदल्या रविवारी करून टाका. घरातल्या प्रत्येकाची मापं सेंटीमीटरमध्ये लिहून घ्या, कारण अमेरिकी, ब्रिटिश आणि युरोपीय मापांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि बुटांच्या बाबतीत तर अजिबात नाही. ज्या कपड्यांवर काही जुळवून घ्यायचंय त्यांचे दिवसाउजेडी काढलेले फोटो सोबत ठेवा. महागाच्या वस्तूंची ऑनलाइन किंमत टिपून ठेवा. मॉलमध्ये गेल्यावर ती शोधायला बसलात तर समोरचा विक्रेता बोलत राहतो आणि शोध अर्धवट राहतो.

यादीचे दोनच भाग पुरतात: ‘याच्यासाठी आलोय’ आणि ‘दिसलं तर बघू’. दुसऱ्या भागासाठी एक ठरावीक रक्कम वेगळी काढा. लहर म्हणून काहीच घ्यायचं नाही असा पण करून मॉलमध्ये जाणारा माणूस दुपारपर्यंत चिडचिडा होतो आणि संध्याकाळी पण मोडतो.

शनिवार

उघडायच्या पंधरा मिनिटं आधी दारात असा. पहिले दोन तास हे सगळ्या आठवड्याच्या अखेरीतले सर्वांत स्वस्त तास आहेत, पैशाने नव्हे, गर्दीने. हे दोन तास राइड्सना द्या. वॉटर पार्क असेल तर तोही सकाळीच उरका, म्हणजे ओले कपडे आणि ओले केस घेऊन दिवसभर वातानुकूलित जागेत फिरावं लागणार नाही. कोरडे कपडे आणि एक पाणी न गळणारी पिशवी विसरू नका.

दुपारचं जेवण साडेअकराला किंवा अडीचला. बारा ते दोन खाण्याच्या मजल्यावर जागा धरून उभ्या असलेल्या माणसांची स्पर्धा चालते, त्यात पडू नये. एकाने जागा धरायची आणि बाकीच्यांनी रांगेत जायचं, ही युक्ती सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे कुणाच्याच उपयोगाची राहिलेली नाही.

जेवणानंतर तासभर विश्रांती, आणि मग बघण्याची फेरी. आखलेल्या वाटेने जा, दुकानात शिरा, वस्तू हातात घ्या, आवडली तर लेबलाचा फोटो काढा. फोटोत किंमत, माप आणि सांकेतिक क्रमांक तिन्ही यायला हवेत. दुकानाच्या दर्शनी पाटीचाही एक फोटो घ्या, म्हणजे रात्री ‘तो निळा कोट कुठे होता’ यावर वाद होणार नाही. पाकीट बाहेर काढू नका. अडचण एकाच बाबतीत येते: तुमच्या मापाचा शेवटचा नग. तेव्हा विक्रेत्याला उद्यापर्यंत बाजूला ठेवता येईल का असं सरळ विचारा. अनेक दुकानं ठेवतात. नाही म्हणालीच, आणि वस्तू ‘याच्यासाठी आलोय’ यादीतली असेल, तर खुशाल घ्या. नियम आपल्या सोयीसाठी असतात.

रात्री खोलीवर फोटो पुन्हा पाहा. मला तर दरवेळी आश्चर्य वाटतं की दुपारी अत्यावश्यक वाटलेल्या वस्तूंपैकी निम्म्या रात्री कशासाठी टिपल्या होत्या तेही आठवत नाही. उरलेल्यांची नवी वाट नकाशावर आखा.

रविवार

कपडे आधी. सकाळी ट्रायल रूमला रांग नसते, मापं घडी घालून जागेवर असतात आणि विक्रेत्यालाही बोलायला सवड असते. कपडा घालून नुसतं आरशासमोर उभं राहू नका, खाली बसा, हात वर करा. दुकानातला उजेड मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणून रंगाबद्दल शंका असेल तर छताच्या काचेखाली किंवा दाराजवळ नेऊन बघू द्या असं विचारा.

बूट मात्र दुपारनंतर. दिवसभर चालून पाय थोडे सुजतात, आणि त्या पायाला बसेल तोच बूट पुढे टोचत नाही. ज्या मोज्यांवर वापरणार तेच मोजे घालून पाहा. जड वस्तू, काचेचं सामान, मोठे खोके हे सगळ्यांत शेवटी, आणि तेही बाहेर पडायच्या दाराजवळच्या गटात. घरपोच पाठवण्याची सोय असेल तर तिचा खर्च विमानातल्या जादा वजनाच्या खर्चाशी ताडून बघा.

दुपारी दोननंतर नव्या दुकानात शिरू नये असं मी सुचवेन. जे ठरलं ते झालं असेल तर उरलेला वेळ बसून लोक बघण्यात घालवा. तीही मॉलमधली चांगली करमणूक आहे, आणि ग्रुएनच्या मनात होता तो चौक थोडासा तिथेच सापडतो.

गाडी, दार आणि कोट

स्वतःच्या गाडीने जात असाल तर खांबाचा क्रमांक, मजल्याचा रंग आणि ज्या दारातून आत शिरलात त्या दाराचं नाव, तिन्हींचा फोटो काढा. नुसत्या खांबाचा पुरत नाही, कारण तोच क्रमांक चारही बाजूंच्या वाहनतळांत असू शकतो. वेस्ट एडमंटन किंवा मॉल ऑफ अमेरिकासारख्या ठिकाणी दहा हजारांहून अधिक गाड्यांची जागा असते. काही मॉलमध्ये गाडीचा नंबर टाकला की जागा दाखवणारी यंत्रं आहेत, पण बंद पडलेल्या यंत्रासमोर हात जोडून उपयोग नाही. चुकीच्या बाजूला बाहेर पडलात तर इमारतीला बाहेरून वळसा घालू नका, परत आत शिरून जा.

थंड प्रदेशात एक वेगळीच पंचाईत असते: कोट. मिनेसोटाच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीतही मॉल ऑफ अमेरिकाच्या मोकळ्या भागांना मध्यवर्ती हीटर नाही. छतातून येणारं ऊन, दिवे आणि माणसांच्या अंगाची ऊब यांवरच तो उबदार राहतो. म्हणजे आत जाड कोट घालून फिरणं अशक्य. पहिल्या पाच मिनिटांत कोट लॉकरमध्ये टाका.

मुलं आणि वडीलधारी माणसं

सकाळी निघताना प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा. हरवल्यावर ‘काय घातलं होतं’ या प्रश्नाचं उत्तर घाबरलेल्या आईबापांना आठवत नाही. मनगटाच्या पट्टीवर फोन नंबर लिहा, नाव लिहू नका. मुलाला एकच गोष्ट शिकवा: हरवलास तर चालत राहू नकोस, जिथे आहेस तिथल्या काउंटरमागच्या माणसाला सांग. आणि तुम्हीही आधी स्वतः शोधत बसू नका, पहिल्याच मिनिटाला जवळच्या दुकानदाराला सांगा. अमेरिकेतल्या अनेक मोठ्या दुकानांत १९९४ पासून अशा वेळी दारांवर लक्ष ठेवून सगळ्यांनी मिळून शोध घेण्याची ठरलेली पद्धत आहे. ती सुरू होते तुम्ही सांगितल्यावरच.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना एकटं सोडायचा विचार असेल तर मॉलचे नियम वाचा. मॉल ऑफ अमेरिकात १९९६ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांसोबत ठरावीक वेळी किमान एकवीस वर्षांचं माणूस असणं बंधनकारक आहे. सुरुवात शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळपासून झाली, पुढे वेळा वाढत गेल्या.

वडीलधाऱ्यांसाठी चाकाची खुर्ची आधीच सांगून ठेवा. ‘मला कशाला हवी’ असं घरी म्हणणारेच दुपारी तीनला ती कुठे मिळते विचारतात, आणि तोवर सगळ्या गेलेल्या असतात.

पैसे, कर आणि पावत्या

अमेरिका आणि कॅनडात लेबलावरची किंमत म्हणजे शेवटची किंमत नसते, कर काउंटरवर वाढतो. मिनेसोटात मात्र बहुतेक कपडे आणि बूट विक्रीकरातून मुक्त आहेत, त्यामुळे तिथे खरेदी करायचीच तर याच दोन गोष्टींची करावी. बाहेरच्या देशातून आलेल्यांना कर परत मिळतो का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. संयुक्त अरब अमिरातीत २०१८ पासून ही सोय आहे. एका पावतीवर किमान अडीचशे दिरहमची खरेदी लागते, पासपोर्टची नोंद खरेदीच्या वेळीच करावी लागते आणि नव्वद दिवसांत माल देशाबाहेर न्यावा लागतो. ग्रेट ब्रिटनने पर्यटकांसाठीची ही सवलत १ जानेवारी २०२१ पासून बंद केली. जुन्या माहितीवर विसंबून लंडनच्या मॉलमध्ये अर्ज मागणारे लोक त्यामुळे निराश होतात.

परतावा घ्यायचा असेल तर विमानतळावर आधी त्या खिडकीवर जा आणि मगच मोठी बॅग चेक-इन करा, कारण अधिकारी वस्तू दाखवायला सांगू शकतात. रांगेसाठी तासभर हातचा राखा.

परदेशात कार्ड वापरताना यंत्रावर ‘तुमच्या चलनात की स्थानिक चलनात’ असा प्रश्न आला तर स्थानिक चलन निवडा. आपल्या चलनातला आकडा वाचायला सोपा असतो, पण तो विनिमयदर यंत्रामागच्या कंपनीने ठरवलेला असतो आणि सहसा महाग पडतो.

वस्तू परत करायची मुदत दुकानागणिक वेगळी असते, आणि परगावच्या दुकानात ती परत करायला तुम्ही जाणार नसता. म्हणून पैसे देण्याआधी विचारा: तुमच्या शहरातल्या शाखेत घेतील का, टपालाने चालेल का. सवलतीतला माल बऱ्याचदा परत घेत नाहीत. पावत्यांचे त्याच संध्याकाळी फोटो काढून ठेवा. त्या कागदावरची छपाई उष्णतेने होते, आणि पाकिटात काही महिने राहिली की हमीची मुदत संपायच्या आधीच अक्षरं उडून जातात.